जुनी गो-कार्ट : ओळख आणि पुनरुज्जीवन

अमेरिकेतील ओहायो, इंडियाना, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत थंडी ओसरली, की घरोघरच्या गॅरेजांची साफसफाई सुरू होते. नको झालेल्या वस्तू दारासमोर मांडून अल्प किमतीत विकल्या जातात. मोडक्या खुर्च्या, जुने दिवे, मुलांच्या सायकली यांच्या गर्दीत कधीकधी एक वेगळीच वस्तू दिसते. लोखंडी नळ्यांचा गुडघ्याएवढ्या उंचीचा एक सांगाडा, त्याला चार बुटकी चाके, फाटलेली बैठक आणि मागच्या बाजूला तेलाने काळवंडलेले एक लहानसे इंजिन. ही गो-कार्ट. विकणाऱ्याला तिच्याविषयी फारसे काही ठाऊक नसते. ती त्याच्या काकांची असते किंवा घराबरोबरच मिळालेली असते. विकत घेणाऱ्याजवळ उत्साह असतो आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाजवळ तो त्याहून अधिक असतो. घरी नेल्याबरोबर टाकीत पेट्रोल ओतायचे आणि दोरी ओढायची, एवढाच विचार दोघांच्या मनात असतो.

नेमके हेच करू नये. इंजिन सुरू झाले नाही, तर फारसे बिघडत नाही. ते सुरू झाले, तर मात्र प्रश्न उभा राहतो. तीस-चाळीस वर्षे पडून असलेल्या या गाडीचा ब्रेक लागतो की नाही, नळ्यांचे सांधे शाबूत आहेत की आतून पोखरले आहेत, मोकळा सोडलेला वेगाचा दांडा परत जागेवर येतो की नाही, यांपैकी एकाही गोष्टीची खात्री नसताना एक मूल तीवर बसणार असते. म्हणून अशा गाडीच्या बाबतीत आधी ओळख, मग दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी दोरी, हा क्रम पाळावा लागतो.

गो-कार्टचा जन्म कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेल या गावी कर्टिस क्राफ्ट नावाचा शर्यतीच्या मोटारी बांधणारा कारखाना होता. तेथे काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी १९५६ मध्ये लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने घरीच एक चिमुकली गाडी तयार केली. वेस्ट बेंड कंपनीचे अडीच अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन त्यांनी तिला जोडले. हे इंजिन मुळात हिरवळ कापण्याच्या यंत्रासाठी होते. मोठ्या माणसाने गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, अशी ती गाडी पाहून लोकांनी प्रथम हसून घेतले असेल. पण पॅसाडेना येथील रोझ बोल क्रीडागाराच्या वाहनतळावर ती धावू लागली, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तशीच गाडी हवी झाली. पुढच्याच वर्षी डफी लिव्हिंगस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाड्यांचे सुटे भाग विकण्यास आरंभ केला आणि अझुसा या गावी त्यांचा कारखाना उभा राहिला. ‘गो कार्ट’ हे त्या कारखान्याचे नाव. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट ‘डालडा’ म्हटले जाऊ लागले, तसेच येथेही घडले. एका कारखान्याचे नाव सगळ्या जातीच्या गाड्यांना चिकटले.

यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत कार्ट बांधणाऱ्यांचे पेवच फुटले. ओहायोतील मॅन्सफील्ड येथे मिकी रप यांनी कार्ट बनवल्या. पुढे १९६५ मध्ये हेच रप इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत सहावे आले. सेंट लुइस येथील मार्गे ही कंपनी १९६४ मध्ये निघाली. सिअर्स, रोबकसारख्या टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांच्या सूचिपुस्तकांतही कार्ट दिसू लागल्या. याशिवाय गावोगावच्या लोहारकामाच्या दुकानांत आणि शाळांच्या कार्यशाळांत बांधलेल्या कार्ट वेगळ्याच. त्यांची कोठेही नोंद नाही. त्यामुळे हाती आलेली गाडी नामवंत कारखान्याची असेलच असे नाही, आणि नसली म्हणून तिची योग्यता कमी होते असेही नाही. कुशल हातांनी बांधलेला एखादा घरगुती सांगाडा कारखान्यातल्या सांगाड्यापेक्षा सरस निघतो.

सांगाड्याची ओळख पटवणे इंजिनापेक्षा अवघड असते. बहुतेक जुन्या कार्टवर नावाची धातूची पट्टी नसते. असते ती कागदी किंवा रंगाची मोहोर, आणि ती पहिल्या काही वर्षांतच निघून जाते. म्हणून बांधणीवरूनच अंदाज बांधावा लागतो. आरंभीच्या कार्टमध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे असे. साठच्या दशकात शर्यतीच्या कार्टमध्ये ते चालकाच्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे सरकले. बाजूला इंजिन असलेली ठेंगणी गाडी दिसली, तर ती मुलांच्या खेळासाठी नसून शर्यतीसाठी बांधली असण्याचा संभव अधिक. मागच्या आसाची जाडी, ती आस दोन्ही चाकांना एकत्र फिरवते की एकाच चाकाला, सुकाणूपासून पुढच्या चाकांकडे एक दांडी जाते की दोन, ब्रेक टायरवर घासतो की पट्ट्याने चकती आवळतो, या प्रत्येक गोष्टीतून काळाचा काही ना काही पुरावा मिळतो. बैठकीच्या खालचा पत्रा आणि पुढच्या नळीची वळणे यांतून तर बांधणाऱ्या कारखान्याची शैलीच ओळखता येते. जुन्या विक्रीपत्रिकांतील छायाचित्रे समोर ठेवून ही तुलना केली जाते. अमेरिकेत जुन्या कार्ट जपणाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांचे सभासद एखाद्या वळणावरून कारखान्याचे नाव सांगू शकतात.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. हौशी माणसाला घाई असते ती गंज खरवडून नवा रंग देण्याची. परंतु पुराव्याची जागा नेमकी त्या जुन्या रंगातच असते. रंगाचे थर सावकाश उलगडले, तर सगळ्यांत खालचा मूळ रंग सापडतो, क्वचित कारखान्याच्या मोहोरेची अस्पष्ट कडाही दिसते. म्हणून काहीही सुटे करण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, प्रत्येक भोकाची, प्रत्येक जोडणीची नोंद करावी आणि बैठकीखालचा हातभर भाग न खरवडता तसाच ठेवावा. त्यात आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांत शिसे घालण्यास १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे कोरडा रंग घासून त्याची धूळ उडवणे हे लहान मुले वावरत असलेल्या घरात धोक्याचे आहे. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत आणि इंजिनाच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई. त्यांचीही धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता इंजिनाकडे वळावे. पहिला प्रश्न ते टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हा. हा प्रश्न पुस्तकी नाही. इंजिनाचे आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात खालच्या पेटीत वंगणाचे तेल भरलेले असते आणि टाकीत केवळ पेट्रोल असते. टू-स्ट्रोक इंजिनात खालची पेटी तेलासाठी नसतेच. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण त्या पेटीतूनच वर जाते आणि वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक चेतक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर मापाने तेल ओतले जाई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. टू-स्ट्रोक इंजिनात नुसते पेट्रोल घालून ते चालवले, तर पिस्टनला वंगण मिळत नाही. तो काही मिनिटांत तापून फुगतो आणि सिलिंडरला घट्ट चिकटून बसतो. साठ वर्षे टिकून राहिलेले इंजिन अशा रीतीने एका दुपारी संपते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. इंजिनाच्या तळाशी तेल भरण्याचे आणि काढण्याचे बूच असेल, तर ते फोर-स्ट्रोक. असे बूच नसेल, सिलिंडरच्या कडेला धूर बाहेर पडण्याचे रुंद छिद्र असेल आणि कार्बोरेटर थेट खालच्या पेटीवर बसवलेला असेल, तर ते टू-स्ट्रोक. जुन्या कार्टवर आढळणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांत मॅक्युलक या नावाला विशेष मान आहे. ही कंपनी लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवती बनवत असे. कार्टवाले त्या करवतींची इंजिने काढून वापरतात हे लक्षात आल्यावर कंपनीने १९५९ मध्ये खास कार्टसाठी एमसी-१० हे इंजिन बाजारात आणले. त्याची क्षमता सुमारे ८७ घनसेंटिमीटर. (या कंपनीचे मालक रॉबर्ट मॅक्युलक हे मोठे हिकमती गृहस्थ. त्यांनी १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेतला, त्याचे दगड समुद्रमार्गे अमेरिकेत आणले आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात आपण वसवलेल्या गावी तो उभा केला.) वेस्ट बेंडची इंजिनेही पुष्कळ सापडतात. त्या कंपनीचा हा व्यवसाय १९६५ मध्ये क्रायस्लरकडे गेला. त्यामुळे इंजिनावर क्रायस्लरचे नाव असेल, तर ते त्यानंतरचे, हे लगेच कळते.

मात्र गॅरेजातून निघणाऱ्या बहुसंख्य कार्टवर असते ते विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे फोर-स्ट्रोक इंजिन. ही कंपनी १९०८ मध्ये स्थापन झाली आणि हिरवळ कापण्याची यंत्रे, पाण्याचे पंप, लहान जनित्रे यांच्यासाठी तिने प्रचंड संख्येने इंजिने बनवली. तिच्या ५ अश्वशक्तीच्या इंजिनाने अमेरिकेतील कित्येक पिढ्यांना कार्ट चालवायला शिकवले. या इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नसून त्याच्या शेजारी, खालून वर उघडणाऱ्या असतात. त्यामुळे माथा सपाट दिसतो. रचना इतकी साधी, की घरगुती हत्यारांनी ते संपूर्ण उघडता येते.

या कंपनीने इंजिनाची सगळी कुंडली अंकांत लिहून ठेवली आहे. इंजिनावरील पंख्याच्या पत्र्याच्या आवरणावर अंकांचे तीन गट ठोकलेले असतात. पहिला नमुन्याचा, दुसरा प्रकाराचा आणि तिसरा तारखेचा. समजा, नमुन्याचा क्रमांक १३०२०२ असा आहे. त्यातील आरंभीचे १३ म्हणजे सिलिंडरची क्षमता घनइंचांत. १ घनइंच म्हणजे सुमारे १६.४ घनसेंटिमीटर. पुढचे ० हा मूळ आराखड्याचा अंक. त्यापुढचे २ सांगते, की इंजिनाचा मुख्य दांडा आडवा आहे आणि कार्बोरेटर पल्सा-जेट जातीचा आहे. नंतरचे ० म्हणजे साधे बेअरिंग. शेवटचे २ म्हणजे ओढल्यावर आपोआप गुंडाळली जाणारी दोरी. याच इंजिनाची धाकटी बहीण ३ अश्वशक्तीची. तिचा क्रमांक ८ ने सुरू होतो आणि त्यात एक अंक कमी असतो. दोन्ही इंजिने लांबून सारखीच दिसतात. विकणारा ५ अश्वशक्तीचे म्हणून ३ अश्वशक्तीचे इंजिन देतो, तेव्हा त्यात नेहमीच लबाडी असते असे नाही. त्यालाही फरक माहीत नसतो.

तारखेचा गट याहून सोपा. ७८०४१५०३ हा अंक असेल, तर पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. म्हणजे हे इंजिन १५ एप्रिल १९७८ रोजी तयार झाले. शेवटचे दोन अंक कारखान्याचे. एका साध्या यंत्राला आपली जन्मतारीख असावी आणि ती कोणालाही वाचता यावी, ही गोष्ट मोठी आनंदाची आहे.

पण या आनंदात एक मेख आहे. हे अंक इंजिनाच्या मुख्य भागावर नसून वरच्या पत्र्यावर असतात आणि तो पत्रा चार-दोन स्क्रू काढले की निघतो. पूर्वीच्या एखाद्या मालकाने चेपलेला पत्रा टाकून दुसऱ्या इंजिनाचा पत्रा बसवला असेल, तर कुंडली एकाची आणि देह दुसऱ्याचा, असा प्रकार होतो. म्हणून अंकांवर विसंबून सुटे भाग मागवू नयेत. इंजिनाचा माथा उघडल्यावर सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मोजावी. ५ अश्वशक्तीच्या या इंजिनात व्यास सुमारे ६५ मिलिमीटर आणि धाव सुमारे ६२ मिलिमीटर असते. गणित केले असता क्षमता २०६ घनसेंटिमीटर येते. एवढे जुळले, म्हणजे पत्रा खरे बोलतो असे मानण्यास हरकत नाही. शिवाय गाडी आणि इंजिन एकाच वयाचे असतील असेही गृहीत धरू नये. कार्टच्या एका सांगाड्याने तीन-चार इंजिने पाहिलेली असतात. अलीकडे तर होंडाच्या नमुन्यावर चीनमध्ये बनलेली १९६ घनसेंटिमीटरची स्वस्त इंजिने जुन्या सांगाड्यांवर सर्रास दिसतात.

ओळख पटली, की दुरुस्ती. इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पुरेसा दाब, वेळेवर ठिणगी आणि योग्य प्रमाणात इंधन. याच क्रमाने तपासणी करावी, कारण दाब नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. प्रथम स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. ते फिरत नसेल, तर दोरीला हिसके देऊ नयेत. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. गंजाला घाई चालत नाही. फ्लायव्हील फिरू लागल्यावर प्लग पुन्हा बसवून ते उलट दिशेने जोरात फिरवावे. दाब चांगला असेल, तर ते उसळून परत येते. दाबमापकाच्या आकड्यावर येथे फारसे विसंबता येत नाही, कारण दोरी ओढणे सोपे जावे म्हणून या इंजिनांत आरंभीचा थोडा दाब मुद्दाम सोडून देण्याची व्यवस्था केलेली असते. अनेकांनी केवळ आकडा कमी आला म्हणून धडधाकट इंजिने भंगारात घातली आहेत.

ठिणगीचा उगम फ्लायव्हीलमध्ये बसवलेल्या चुंबकात असतो. त्याच्याखाली, जुन्या इंजिनांत, ‘पॉइंट’ नावाची एक इवलीशी कळ असते. ती उघडते त्या क्षणी ठिणगी पडते. १९८० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने ही कळ काढून इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणली. त्यामुळे तारखेचा गट येथेही उपयोगी पडतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनात या कळीच्या टोकांवर मळाचा सूक्ष्म थर बसतो आणि वीज अडते. ती टोके बारीक कागदाने पुसून त्यांच्यातील अंतर अर्धा मिलिमीटर ठेवले, की बहुधा निळी ठिणगी परत येते. प्लगच्या टोकांतील अंतर पाऊण मिलिमीटर ठेवावे.

या कळीपर्यंत पोहोचण्यासाठी फ्लायव्हील काढावे लागते आणि येथेच नवशिक्याच्या हातून घात होतो. दांड्याच्या टोकावर हातोडा मारला, तर आटे बिघडतात. चाकाच्या कडेला पहार लावली, तर ते तडकते. योग्य तो ओढक वापरावा. फ्लायव्हील आणि दांडा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक छोटी चावी असते. ती मुद्दाम मऊ धातूची ठेवलेली आहे. हिरवळ कापताना पाते दगडावर आपटले, तर ही स्वस्त चावी कातरली जावी आणि महागडा दांडा वाचावा, असा त्यामागचा विचार आहे. ती अर्धवट कातरली गेली असेल, तर ठिणगीची वेळ चुकते. इंजिन खोकते, दोरी हातातून हिसकावते, पण सुरू होत नाही. पुष्कळ जणांनी कार्बोरेटरला दोष देत आठवडे घालवले आणि दोष निघाला तो या पैशाच्या चावीचा. पूर्वीच्या मालकाने तेथे पोलादी तुकडा बसवलेला आढळला, तर तो काढून टाकावा.

इंधनाच्या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच आहे. जुन्या पेट्रोलचे राळेसारखे कीट होते आणि कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. पल्सा-जेट कार्बोरेटर टाकीच्या डोक्यावरच बसतो आणि एक पातळ पडदा हलून टाकीतले पेट्रोल वर खेचतो. तो पडदा ताठ झाला असेल, तर बदलावा. किंमत फार नसते. आज अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलची नळीही नवी घालावी. टाकीच्या आतला गंज धुऊन काढावा. खालच्या पेटीतले जुने तेल काढून नवे भरावे. या इंजिनात तेल साधारण ६०० मिलिलिटर मावते. त्याला तेलाचा पंप नाही. पिस्टनच्या दांडीला जोडलेले एक चमचासारखे पाते तेलात बुडते आणि ते सगळीकडे उडवते. तेल कमी असेल, तर पाते रिकामेच फिरते. म्हणूनच या इंजिनांच्या मरणाचे पहिले कारण दुर्लक्षित तेल हे आहे.

मरणाचे दुसरे कारण माणसाचा लोभ. इंजिनावर वेगाला आवर घालणारी एक यंत्रणा असते. तिला गव्हर्नर म्हणतात. ती इंजिनाला मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास रोखून धरते. अधिक वेग हवा म्हणून ही यंत्रणा काढून टाकण्याची चाल जुनी आहे. जुन्या कार्टवर ती तारेने बांधून निकामी केलेली वारंवार आढळते. त्याने नेमके काय होते, ते हिशेबाने पाहता येईल. समजा, इंजिनावरील दातेरी चक्राला १० दाते आहेत, मागच्या आसावरील चक्राला ६० आणि चाकाचा व्यास २८ सेंटिमीटर आहे. इंजिन ३६०० फेऱ्या फिरते तेव्हा आस ६०० फेऱ्या फिरते आणि गाडीचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर होतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेल्या मुलाला तो याच्या दुप्पट वाटतो. गव्हर्नर काढून तेच इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत गेले, तर वेग ५३ किलोमीटर होतो. वेग पावणेदोन पटींहूनही कमी वाढला. परंतु गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेतीन पट वाढली. ब्रेक मात्र तोच, पत्र्याच्या चकतीवरचा पट्टा. आणि इंजिनातील ॲल्युमिनियमची दांडी तर या वेगासाठी घडवलेलीच नाही. ती तुटली, की तिचे तुकडे पेटीच्या भिंती फोडून बाहेर येतात आणि चालकाची पाठ तेथून हातभर अंतरावर असते. शर्यतीचे कारागीर गव्हर्नर काढतात हे खरे; पण ते आधी दांडी, फ्लायव्हील आणि झडपांच्या स्प्रिंगा बदलतात.

म्हणून इंजिन सुरू होण्याच्या आधी सांगाडा पूर्ण झाला पाहिजे. कार्टला स्प्रिंगा नसतात आणि मागच्या दोन चाकांना वेगवेगळा वेग देणारी मोटारीतली यंत्रणाही नसते. वळण घेताना सांगाडा स्वतः किंचित पिळला जातो आणि आतल्या बाजूचे मागचे चाक उचलले जाते, म्हणून ती वळू शकते. याचा अर्थ असा, की प्रत्येक वळणाचा ताण सांध्यांवर येतो. मागच्या आसाचे आधार आणि पुढच्या चाकांच्या खिळी जेथे जोडल्या आहेत, त्या जागा घासून स्वच्छ कराव्यात आणि भिंगातून केसाएवढ्या भेगा शोधाव्यात. नळ्या बाहेरून ठीक दिसल्या तरी आत साचलेल्या पाण्याने पोखरल्या गेलेल्या असतात. लहान हातोडीने टकटक केले असता शाबूत नळी खणखणते, पोखरलेली बद्द वाजते. तिरप्या कोपऱ्यांमधील दोन्ही अंतरे मोजून ती सारखी आली, म्हणजे सांगाडा वाकलेला नाही असे समजावे. भेगेवर नुसता डाग देऊन भागत नाही. खराब तुकडा कापून नवी नळी जोडणे भाग असते आणि हे काम जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्यावे.

साखळीची दोन मापे नेहमी आढळतात. कड्यांमधील अंतर साडेनऊ मिलिमीटर असलेली ३५ क्रमांकाची आणि १२.७ मिलिमीटर असलेली ४० किंवा ४१ क्रमांकाची. दोन्ही चक्रांची मापे एकच असल्याशिवाय नवी साखळी घेऊ नये. इंजिन मंद चालत असताना गाडी जागेवर राहावी म्हणून दांड्यावर केंद्रोत्सारी क्लच असतो. वेग वाढला, की त्याचे जबडे बाहेर फेकले जातात आणि साखळी फिरू लागते. तो चिकटलेला असेल, तर दोरी ओढताक्षणीच गाडी पळते. साखळीवर आणि क्लचवर झाकण हवेच. सैल कपडे, ओढणी किंवा मोकळे केस फिरत्या साखळीत सापडून झालेले अपघात अत्यंत भयानक असतात. जुन्या कार्टवरील ही झाकणे बहुधा हरवलेली असतात. पत्रा कापून ती नवीन करावीत, मूळ नमुन्यात ती नसली तरीही. जुन्या वस्तूच्या अस्सलपणाचा आग्रह धरणारे येथे नाक मुरडतात. परंतु गाडी संग्रहालयात ठेवायची नसून तीवर मूल बसणार असेल, तर हा आग्रह सोडणेच योग्य.

वेगाच्या पायटीला परत खेचणाऱ्या स्प्रिंगा दोन असाव्यात, एक तुटली तरी दुसरी काम करील. सुकाणूच्या दांड्यांचे सांधे ढिले असतील तर बदलावेत आणि प्रत्येक नटामधून कापी खीळ घालावी. इंजिन तत्काळ बंद करणारे बटण सुकाणूवर, हाताच्या अंगठ्याजवळ आणावे.

फॉर्म्युला वनच्या शर्यती जिंकलेल्या अनेकांचा आरंभ अशाच गाड्यांवर झाला. ब्राझीलच्या आयर्टन सेनाला वडिलांनी बालपणी जी कार्ट करून दिली, तिला हिरवळ कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन होते. जर्मनीच्या मायकेल शूमाकरला वडिलांनी पायट्यांच्या कार्टलाच एक लहान इंजिन बसवून दिले होते.

इतके झाल्यावर दोरी ओढण्याचा दिवस येतो. मागची चाके जमिनीपासून वर राहतील अशा रीतीने गाडी ठोकळ्यांवर ठेवावी. मूल दूर उभे करावे. उघड्या जागी, आग विझवण्याचे साधन जवळ ठेवून इंजिन सुरू करावे. पहिला धूर निळा असतो, तो प्लगच्या भोकातून सोडलेल्या तेलाचा. दोन मिनिटांत तो निवळायला हवा. इंजिन मंद चालत असताना चाके थांबलेली राहतात ना, पायटी सोडल्यावर वेग लगेच उतरतो ना, बटण दाबताच इंजिन बंद होते ना, हे तीन वेळा पाहावे. नंतर ब्रेक दाबून फिरती चाके थांबतात का, ते पाहावे. मग मोठ्या माणसाने, शिरस्त्राण घालून, रिकाम्या मैदानात ती सावकाश चालवावी. अर्ध्या तासाने इंजिन थंड होऊ द्यावे, माथ्याचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळावेत आणि खालच्या पेटीतले तेल एका पांढऱ्या भांड्यात काढावे. त्यात बारीक चकाकणारी धूळ दिसली, तर ती काही अंशी नव्याने घासल्या गेलेल्या भागांची असते. तुकडे दिसले, तर इंजिन पुन्हा उघडावे लागते आणि मुलाला आणखी एक आठवडा थांबावे लागते.